पावसात कुजणारी एचेव्हेरिया

प्रश्न : बंगळुरूहून आणलेली एचेव्हेरिया (जाड, गरदार पानांचं शोभेचं झाड) मे महिन्यापर्यंत छान होती. जुलैत खालची पानं पिवळी, पाणेरी होऊन हात लावताच गळू लागली. पाणी आठवड्यातून एकदाच घालते. काय चुकतंय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : पावसाळ्यात आठवड्याला एकदा हेच जास्त झालं. बहुतेक एचेव्हेरिया मेक्सिकोच्या डोंगराळ भागातल्या. कोरडी हवा आणि थंड रात्री त्यांना मानवतात. आपल्याकडे जूनपासून हवाच इतकी दमट, की कुंडी वाळत नाही, मुळं गुदमरतात आणि बुरशी धरते.

आता झाड उपटून देठ पाहा. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने खालचा मऊ भाग कापा. कापलेल्या जागी तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा, अगदी स्वच्छ हिरवट गर दिसेपर्यंत. इथे हात आखडता घेतला तर आठवड्यात उरलेलंही जातं. शेंडा सावलीत, पंख्याखाली आठवडाभर सुकवा आणि कोरड्या मिश्रणावर नुसता टेकवा. मुळं फुटेपर्यंत पाणी नाही.

मिश्रणात दोन भाग जाडी रेती, एक भाग चिऱ्याची बारीक खडी, एक भाग कंपोस्ट. किनाऱ्यावरची वाळू नको, ती खारट असते. कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको. कुंडी मातीची, 4 इंची, खाली बशी न ठेवता.

सप्टेंबरपर्यंत छपराखाली, उजेडात ठेवा. तळापर्यंत खुपसलेली काडी कोरडी निघाली तरच पाणी. महिन्यातून एकदा पुरतं. ऑक्टोबरात एकदम उन्हात काढू नका, पानं करपतात.

एवढी उठाठेव नको असेल तर सॅन्सेव्हेरिया (उभ्या, जाड पानांचं स्नेक प्लांट) लावा.