सीडी-डीव्हीडी संपल्या, मग २०० टीबीच्या डिस्कवर संशोधन कशाला?

तुमचा प्रश्न असा: आता लॅपटॉपला डिस्कचा ट्रेसुद्धा येत नाही, तरी २०० टीबीच्या डिस्कच्या आणि काचेत डेटा साठवण्याच्या बातम्या येतात, ते काय प्रकरण आहे? आणि घरातल्या लग्नाच्या डीव्हीडींचं काय करायचं?

मी सोलापुरात लग्नाचं शूटिंग-मिक्सिंग करतो. एके काळी आमचा सगळा धंदा डिस्कवरच चालायचा. आता गिऱ्हाईक पेनड्राइव्ह मागतं आणि दुकानातला रायटर फक्त जुन्या डिस्क वाचायला ठेवलाय. सोनीनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढची, जास्त डेटा मावणारी) डिस्क बनवणं थांबवलं. म्हणजे घरगुती बाजार आटोपलाच. पण हे नवं संशोधन तुमच्या-माझ्यासाठी नाहीच मुळी. ते आहे डेटा सेंटरसाठी, जिथे वर्षानुवर्षं कुणी न उघडणारा डेटासुद्धा ठेवावा लागतो. हार्डडिस्क वीज खातात आणि काही वर्षांनी बदलाव्या लागतात, टेपवरचंही अधूनमधून नव्या टेपवर उतरवावं लागतं. डिस्क मात्र विजेशिवाय कपाटात पडून राहू शकते.

अडचण होती लेझरच्या ठिपक्याची, ज्याने डिस्कवरच्या खुणा लिहिल्या-वाचल्या जातात. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डीव्हीडीचा ६५०, ब्लू-रेचा ४०५. तरंगलांबी घटली तसा ठिपका बारीक झाला आणि ७०० एमबीवरून एका थरात २५ जीबीपर्यंत मजल गेली. त्याखाली अतिनील किरण, तिथे डिस्कचं प्लास्टिकच साथ देत नाही. शांघायच्या शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत यावरची वाट दाखवली. एक लेझर लिहितो, दुसरा मेदूवड्यासारखा, मधे भोक असलेला. तो कडेची रासायनिक क्रिया दाबून टाकतो, म्हणून खूण फक्त मधल्या भोकापुरती उमटते, सुमारे ५४ नॅनोमीटरची. असे शंभर थर, दोन थरांत एक मायक्रॉनचं अंतर. त्यातून डीव्हीडीच्या आकारात १.६ पेटाबिट, म्हणजे २०० टीबी बसू शकतात. सूक्ष्मदर्शकासाठी अशीच युक्ती काढणाऱ्या स्टेफान हेल यांना २०१४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला होता.

बातमीत न येणारी गोम म्हणजे वेग. ब्लू-रेच्या मूळ वेगाने, सेकंदाला साडेचार एमबी, २०० टीबी लिहायला बसलात तर जवळपास सतरा महिने लागतील. वेग बारा पट केला तरी दीड महिना. क्षमतेचे आकडे बघून हुरळणारे हा हिशेब मांडत नाहीत.

काचेचं काम वेगळं आहे. साउथॅम्प्टन विद्यापीठातले पीटर कझान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये क्वार्ट्‌झ काचेत फेम्टोसेकंद लेझरने (अतिशय क्षणिक झोत सोडणाऱ्या लेझरने) सूक्ष्म रेघा कोरून ३०० किलोबिटची फाइल साठवली. त्याला 'फाइव्ह डी' म्हणतात, पण त्यात गूढ काही नाही: खुणेची जागा तीन अक्षांवर, शिवाय तिची दिशा आणि प्रकाशावर होणाऱ्या परिणामाची तीव्रता. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ७.५ सेंटिमीटरच्या चौकोनी काचेत १९७८ चा 'सुपरमॅन' चित्रपट साठवून दाखवला, ७५.६ जीबी. काच उकळली, भाजली तरी डेटा शाबूत. इथेही घोडं लिहिण्याच्या वेगावरच अडतं. शिवाय वाचायला खास सूक्ष्मदर्शक आणि संगणक लागतो. तरी पैज लावायचीच तर मी काचेवर लावेन, कारण संग्रहाच्या मालाला घाई कमी आणि टिकाऊपणा जास्त लागतो.

आता तुमच्या डीव्हीडी. रायटरवर लिहिलेल्या डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो. ऊन आणि उष्णता हे त्याचे वैरी आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय होतं ते सांगायला नको. डिस्क ट्यूबलाइटसमोर धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं चमकली किंवा कडेचा रंग फिकटलेला दिसला तर आधी तीच कॉपी करा. सीडीला जास्त जपा. तिचा चंदेरी थर लेबलच्या बाजूला, लाखेच्या पातळ आवरणाखाली असतो, त्यामुळे वरचा स्टिकर ओढून काढला की डेटाही त्याच्याबरोबर सोलून येतो. डीव्हीडीत तो दोन प्लास्टिकच्या चकत्यांमध्ये असतो.

यूएसबीचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह अजून मिळतो. पूर्ण डिस्कची आयएसओ फाइल, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब नक्कल काढा, नुसते व्हिडिओचे तुकडे ओढू नका, नाहीतर मेनू आणि चॅप्टर जातात. ती फाइल दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, त्यातली एक नातेवाइकांकडे. एखादी डिस्क तुमच्या ड्राइव्हवर अडकली तर लगेच फेकू नका, दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर कित्येकदा वाचली जाते.