रॉकवाल्यांचं डिस्को: कुठून सुरू कराल?

रॉक बँडनी डिस्कोच्या ठेक्यावर केलेली तीनच गाणी आधी घ्या:

- रोलिंग स्टोन्स, 'मिस यू' (१९७८)
- ब्लाँडी, 'हार्ट ऑफ ग्लास'
- क्वीन, 'अनदर वन बाइट्स द डस्ट' (१९८०)

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र नको, बेसच गायब होतो. हेडफोन लावा आणि पहिल्या खेपेला फक्त पायाचा ड्रम मोजा. 'मिस यू'मध्ये स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स चारही मात्रांवर धप्‌ धप्‌ देत राहतो. मग बेस गिटार. क्वीनचा बेस वाजवणारा जॉन डीकन, त्याला बेसची ती ओळ शीक या डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'वरून सुचली. दोन्ही लागोपाठ लावा, कान लगेच पकडतील.

नवखे हमखास चुकतात ते एका ठिकाणी: न ऐकताच 'हे रॉकवाले बाजारू झाले' असा शिक्का मारतात. (मीही वर्षभर मारून बसलो होतो.) रिमिक्स, बारा इंची रेकॉर्डवरच्या लांबलचक आवृत्त्या वगैरे नंतर बघू. ब्लाँडीच्या गाण्यातली ड्रम मशीन (ठेका देणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) ऐकू आली की सांगा.