वाचकांचे प्रश्न : कमानदार गिटारची पाटी किती जाड ठेवावी?

प्रश्न : मी मिरजेचा असून सतारीचे काम लहानपणापासून पाहत आलो आहे. सध्या आर्चटॉप, म्हणजे कमानदार पाटीची गिटार स्वतः बनवायला घेतली आहे. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची पाटी (गिटारचा वरचा फलक) कोरताना नेमक्या किती जाडीवर थांबावे? प्रत्येक आराखड्यात निराळा आकडा दिसतो.

उत्तर : आकडे निराळे असतात, कारण प्रत्येक आकडा ज्या त्या फळीपुरता खरा असतो. मध्यभागी सुमारे 6 मिलिमीटर आणि कडेलगतच्या खोलगट पट्ट्यात सुमारे 3 मिलिमीटर हे प्रचलित माप आहे. पण मी तुमच्या जागी असतो तर दोन्हीकडे अर्धा मिलिमीटर जास्तच राखला असता.

साध्या गिटारीत तारांखालची घोडी पाटीला चिकटवलेली असते आणि तारा तिला पुढे उलथू पाहतात. आर्चटॉपमध्ये घोडी सतारीसारखी नुसती टेकवलेली असते व तारा टोकाच्या टेलपीसला, तुमच्या भाषेत लंगोटाला, अडकवलेल्या असतात. त्यामुळे तारांचा दाब पाटीवर खालच्या दिशेने येतो आणि तो कमान पेलते. व्हायोलिनची ही रचना गिब्सन कंपनीने 1922 च्या एल-5 या गिटारीत ‘एफ’ आकाराच्या छिद्रांसह आणली. न्यूयॉर्कचे नामांकित आर्चटॉप कारागीर जॉन डी'अँजेलिको तर व्हायोलिन-मँडोलिनच्या कामातूनच गिटारीकडे वळले होते.

कमान भार पेलते, तर कडेचा पातळ पट्टा पाटीला हलू देतो. म्हणून मध्यभाग आधी पुरा करा आणि कडेला सावकाश या. खोलीतला दिवा बाजूला ठेवून पाटीवर तिरपा उजेड पाडला की बोटाला न कळणारे उंचवटे सावलीत दिसतात. ते छोट्या रंध्याने नव्हे, पोलादी पातीने खरवडून काढा. पाटीला आतून चिकटवायच्या दोन लांब आधारपट्ट्या समांतर बसवल्यास आवाज धारदार होतो, गुणाकाराच्या चिन्हासारख्या बसवल्यास मऊ. (पहिल्या गिटारीला समांतरच बऱ्या, बसवायला सोप्या.) या पट्ट्या भर पावसाळ्यात मात्र चिकटवू नका, कारण फुगलेले लाकूड उन्हाळ्यात आकसते आणि पाटीला चीर जाते.

राखलेला अर्धा मिलिमीटर कामाला येतो तो यानंतर. खोका बंद करून, पॉलिश न करताच तारा चढवा आणि आठवडाभर वाजवा. आवाज कोंडलेला वाटला, तर तारा सैल करून कडेचा पट्टा बाहेरून थोडा थोडा खरवडा व पुन्हा वाजवून पाहा.