सेत्ते, सत्ती आणि मिसळ

प्रश्न असा आला आहे: 'अकलूजकडची "सेत्ते" नावाची रेड वाइन दोन द्राक्षांचा ब्लेंड आहे म्हणे. ब्लेंडला मराठीत भेसळ म्हणायचं का? आणि आपल्या सोलापुरी जेवणात ती कशाबरोबर चालेल?'

भेसळ? दुधात पाणी घातलं की ती भेसळ. सांजोवेझे आणि काबर्ने सोव्हिन्यों ही द्राक्षं चव साधण्यासाठी, उघडपणे, सांगून एकत्र आणली, तर त्यात लबाडी कुठे आली? पण परवा एका मित्राकडे हीच बाटली निघाली, तेव्हा 'दोन द्राक्षांची भेसळ आहे हं' म्हणत यजमानांनी ग्लास पुढे केला. जणू दारात धाड येऊन उभी होती! त्यावर दुसरा म्हणाला, 'तो सेट उघड रे.' कसला सेट, डब्यांचा?

सेट नव्हे, सेत्ते. इटालियनमध्ये सेत्ते म्हणजे सात. ही वाइन काढणाऱ्या 'फ्रातेल्ली'मागे भावांच्या तीन जोड्या आणि पिएरो मासी हे वाइनतज्ज्ञ, म्हणून सात. खरी गंमत त्या जोड 'त्त'मध्ये आहे. लॅटिन सेप्तेममधला 'प्त' इटालियनने 'त्त' करून टाकला. संस्कृत सप्तचं आपल्या महाराष्ट्री प्राकृताने काय केलं? सत्त! सातवाहन राजा हाल याच्या सातशे गाथांचं नाव 'गाहासत्तसई' आहे, ते उगीच नाही. नियम एकच: 'प्त', 'क्त' अशी दोन वेगळी व्यंजनं शेजारी आली की पहिलं दुसऱ्यात विरघळतं. लॅटिन ओक्तोचं ओत्तो झालं, इकडे अष्टचं अट्ठ. तिकडे दुधाचं लात्ते, इकडे भक्तचं भत्त. मराठीने पुढे जोडातलं एक व्यंजन गाळून आधीचा स्वर लांबवला आणि सात, आठ, भात तयार झाले. जोड 'त्त' मात्र सत्तरमध्ये आणि सत्तावीसमध्ये टिकून आहे, आणि पत्त्यांच्या सत्तीत तर ठणठणीत. बदामची सत्ती टाकणाऱ्याला सेत्ते म्हणायला जड का जावं? फ्रातेल्ली म्हणजे भाऊ, तेही आपल्या भ्रात्याचेच सोयरे. आपल्या 'भ'चा लॅटिनमध्ये शब्दारंभी 'फ' होतो.

हां, ब्लेंड. माझं उत्तर: मिसळ. हसू नका. मिश्रचं प्राकृतात मिस्स झालं आणि त्यातूनच मिसळणे आलं. लॅटिन मिस्केरे, म्हणजे मिसळणे, हाही त्याच मुळाचा. मिसळ म्हटलं की पावच आठवतो, हा दोष पोटाचा, शब्दाचा नव्हे. आपल्याकडे सुताच्या दुकानात कापूस-पॉलिस्टरच्या धाग्याला कुणी भेसळीचा म्हणून पाहावं, दुकानदार गाठोडं परत बांधेल.

वाइनलाच 'द्राक्षासव' म्हणा, असा आग्रह धरणारे पंडित आहेत. द्राक्षासव म्हटलं की सोलापूरकराच्या डोळ्यांपुढे औषधाची बाटली आणि मापाचं झाकण येतं. बरं, संस्कृतच हवं असेल तर कौटिल्याकडे जा ना! 'मृद्वीकारसो मधु' असं तो लिहितो, म्हणजे द्राक्षरसाची ती मधु. आणि पुढे सांगतो की तिचं नाव तिच्या प्रदेशावरून पडतं: कापिशायन, हारहूरक. आजच्या अफगाणिस्तानातल्या कापिशीहून येणारी ती कापिशायन. त्या शब्दापुरतं पाणिनीनेही वेगळं सूत्र लिहून ठेवलंय. मग माळशिरस तालुक्यातली ही सरळ अकलूजी! पैठणी चालते, सोलापुरी चालते, मग अकलूजीने काय पाप केलं? आसववाल्यांनी कौटिल्य उघडलेला दिसत नाही.

खाण्याचं राहिलंच. सांजोवेझे आंबटसर असते, काबर्ने तुरट. हा तुरटपणा चरबी आणि मांसाबरोबर मवाळ होतो, म्हणून खारं मटण उत्तम. लालभडक रस्सा नको. तिखटाने वाइनचा जाळ वाढतो आणि दोन्हींची चव जाते. शेंगाचटणी घ्या, पण कडक भाकरीच्या तुकड्यावर चिमूटभरच, तेल सुटलेली. आणि हा तुरटपणा आणणाऱ्या टॅनिनला मराठी शब्द शोधत बसू नका, तुरटपणा आहे की. संस्कृत तुवर म्हणजे तुरट, त्याच घरातली तुवरी म्हणजे आपली तूर. त्या मटणाशेजारी वाटीभर आमटी ठेवलीत तर नात्यातलीच मंडळी ताटात येतील.