गृहकर्जासोबतचा विमा आणि नव्या औषधांच्या संशोधनातली नोकरी

गृहकर्जासोबत बँक देतेय ते दोन विमे घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंत. या प्रश्नात दोन वेगळ्या काळज्या आहेत, आपण गेलो तर कर्जाचं काय आणि नोकरी गेली तर काय, आणि बँकेनं त्या एकाच फॉर्मात कोंबल्यात. बडोद्याजवळच्या भायलीतल्या फ्लॅटसाठी ५० लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के. त्यावर १ लाख ८० हजारांचा एकरकमी कर्जविमा (कर्जदार गेला तर उरलेलं कर्ज फेडणारा), आणि शिवाय 'नोकरी गेली तर हप्ते आम्ही भरू' असं २४ हजारांचं एक कव्हर. तुम्ही नव्या औषधाच्या प्रोजेक्टवर, मॉलिक्यूल (म्हणजे ते होऊ घातलेलं औषध) फेज टूमध्ये, माणसांवरच्या चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यात. मी बडोद्यात बरीच वर्षं विम्याच्या क्लेमच्या टेबलावर होते आणि धाकटा भाऊ फार्मात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

विमा घेतला नाही तर कर्ज मिळणार नाही, असं बँकेला म्हणता येत नाही. तरी तोंडी म्हणतात. "हे मेलवर लिहून पाठवा" एवढंच सांगा, बहुतेक वेळा सूर बदलतो. (इमारतीचा आगीचा, भूकंपाचा विमा ही वेगळी गोष्ट. तो कर्जाच्या करारात मागतात, स्वस्तही असतो, घ्यावा.)

आता हिशोब. १ लाख ८० हजार तुमच्या खिशातून जात नाहीत, कर्जात मिसळले जातात, म्हणून टोचत नाहीत. पण त्यावर व्याज चालू होतं. महिन्याला साधारण १,५६० रुपये वाढतात, २० वर्षांत पावणेचार लाखांच्या घरात जातात.

कर्जविम्याचं कव्हर दरवर्षी उतरत जातं, ते पहिल्या दिवशी छापलेल्या तक्त्याप्रमाणे. साडेआठ टक्क्यांनी दहा वर्षं नियमित हप्ते भरले तरी तुमचं जवळजवळ ३५ लाख कर्ज शिल्लक असेल, आणि तक्ताही साधारण तेच म्हणेल. मात्र तुमचा व्याजदर बदलता आहे, तक्ता बदलत नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँकेचा, ज्याच्यामागे गृहकर्जाचा दर हलतो) ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा बँकांनी हप्ता तोच ठेवून कितीतरी लोकांची मुदत वाढवली. कर्ज लांबलं, विमा जुन्याच तारखेला संपणार. आणि कर्ज दोघांच्या नावावर असेल तर विमा कोणाच्या नावावर किती, हे विचारल्याशिवाय सही करू नका. बऱ्याचदा फक्त नवऱ्याचाच काढलेला असतो आणि बायकोला वाटतं आपलंही झालंय.

क्लेमच्या टेबलावर सगळ्यात जास्त भांडणं कशावरून व्हायची, तर तब्येतीच्या घोषणापत्रावरून. कर्जाच्या तीस-चाळीस सह्यांमध्ये तेही एक पान असतं. मधुमेह आहे का, बीपीची गोळी चालू आहे का, अशा प्रश्नांसमोर बँकेतला मुलगा स्वतःच 'नाही'वर खूण करून टाकतो, कारण 'हो' म्हटलं की तपासणी आली आणि महिन्याचं टार्गेट लांबलं. माणूस दोन वर्षांत गेला की कंपनी दवाखान्याचे कागद मागवते आणि क्लेम अडकतो. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं उलटल्यावर आयुर्विमा पॉलिसीवर असा आक्षेप घेता येत नाही. धोका त्या पहिल्या तीन वर्षांतच असतो. ते पान स्वतःच्या हातानं भरा, गोळी चालू असेल तर नाव लिहा, फोटो काढून ठेवा.

तुमची खरी धास्ती नोकरीची आहे. त्या कव्हरमध्ये साधारणपणे तीनच हप्ते मिळतात. प्रोबेशनवाले, कंत्राटी माणसं, कामगिरीवरून काढलेले बाद. राजीनामा दिलेला तर बादच बाद. आणि फार्मात, आयटीतही, माणसाला काढत कुठे आहेत? एचआर खोलीत बोलावतो, दोन महिन्यांचा पगार पुढे करतो आणि राजीनामा लिहून घेतो, म्हणजे पुढच्या नोकरीत डाग नको. त्या कागदावर सही झाली की कव्हर संपलं. क्लेमला कंपनीचं नोकरीवरून कमी केल्याचं पत्र लागतं, आणि तेच पत्र सहसा कोणी देत नाही.

यात विमा कंपनीचाही विचार समजून घ्या. मृत्यूची किंमत तिला काढता येते, कारण हजारो कर्जदार एकाच दिवशी जात नाहीत. मॉलिक्यूल चाचणीत पडलं की मात्र अख्खी टीम एकाच दुपारी घरी येते. आणि मॉलिक्यूल पडतं, हे तुम्हाला माझ्याकडून ऐकायला नको. २०११ ते २०२० या दशकाच्या अमेरिकेतल्या आकड्यांप्रमाणे फेज वनमध्ये शिरलेल्या शंभरातली आठेकच औषधं बाजारापर्यंत पोचली, आणि सगळ्यात मोठी गळती फेज टूमध्येच, तिथून पुढे तीसेक टक्केच जातात. आपल्या बडोद्याच्या तांदळज्यात संशोधन केंद्र असलेल्या स्पार्कनं (सन फार्मातून निघालेली संशोधन कंपनी) २०२४ साली वोडोबॅटिनिब या औषधाचा पार्किन्सनवरचा अभ्यास थांबवला, तोही फेज टूचाच. मोठी कंपनी हा धोका पाचपंचवीस मॉलिक्यूल्सवर वाटते आणि जेनेरिकच्या, म्हणजे पेटंट संपलेल्या औषधांच्या, धंद्यावर तग धरते. अहमदाबादच्या झायडसला २०१३ साली सारोग्लिटाझार हे स्वतःचं नवं औषध बाजारात आणता आलं, त्यामागेही तो धंदा होताच. तुमच्याकडे मॉलिक्यूल एक, पगार एक. तो धोका कोणी विमावाला तीन हप्त्यांत उचलणार नाही.

म्हणून माझं मत सरळ आहे. बँकेचं दोन्ही नको. स्वतःच्या नावावर साधी टर्म पॉलिसी (मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारी) घ्या, निदान ५० लाखांची, २० वर्षं न उतरणारी. ऑफिसचं गट कव्हर यात धरू नका, ते नोकरीबरोबरच जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही, बँकेचा कर्जविमा बहुधा गट पॉलिसी असतो, तो त्या सवलतीत येत नाही. शिवाय टर्मचे पैसे बायकोच्या हातात येतात, कर्ज फेडायचं की हप्ते चालू ठेवायचे हे ती ठरवेल. कर्जविम्यात पैसे आधी बँकेकडे जातात.

नोकरीसाठी मात्र रोखच लागते. तुमचा हप्ता ४३,४०० च्या आसपास बसेल, सहा हप्ते म्हणजे २ लाख ६० हजार. ते वेगळ्या एफडीत टाका आणि मोडू नका. मजेची गोष्ट म्हणजे बँक जी १ लाख ८० हजारांची रक्कम मागतेय, तीच चार हप्त्यांएवढी आहे, नोकरीच्या कव्हरपेक्षा एक हप्ता जास्तच.

सही आधीच झाली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत फ्री-लुकमध्ये, म्हणजे बघून परत करायच्या मुदतीत, रद्द करता येते. अर्ज थेट विमा कंपनीला करा, पोच घ्या. शाखेत "साहेब सुट्टीवर आहेत" यातच ३० दिवस जातात. परत आलेले पैसे कर्जखात्यात जमा झाले का, हेही बघा. कंपनीनं महिनाभरात दाद दिली नाही तर अहमदाबादला विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जा. फी नाही, वकील नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद ते घेतात, फक्त कंपनीच्या नकारानंतर वर्षभराच्या आत गेलं पाहिजे.