सशाचं बिनसलं? आधी लेंड्या बघा

प्रश्न : आमची दोन वर्षांची मादी काल रात्रीपासून काही खात नाही. कोपऱ्यात पाठ कमानीसारखी करून बसते. एरवी बिस्किट, पाव, गाजर आवडीनं खाते. एक दिवस उपाशी ठेवलं की पोट हलकं होईल, असं शेजारचे म्हणतात. ठेवावं का? (खानापूर)

उत्तर : मुळीच ठेवू नका. लंघन माणसाला चालतं, सशाला नाही. सशाला उलटी होत नाही आणि त्याचं आतडं सतत पुढं सरकत राहावं लागतं. चारा थांबला की आतडं मंदावतं, आत वायू धरतो, पोट दुखतं आणि दुखल्यामुळं तो आणखीच खात नाही. दहा-बारा तास तोंडात काही गेलं नसेल तर डॉक्टर गाठायचा. तुमच्याकडं रात्र उलटलीच आहे, म्हणजे आजच.

निघण्याआधी पिंजऱ्यातल्या लेंड्या बघा. चांगली लेंडी हरभऱ्याएवढी, गोल आणि कोरडी असते. फोडली तर गवताचा भुसा दिसतो. बारीक, वेड्यावाकड्या, केसांनी एकमेकींना जोडलेल्या लेंड्या म्हणजे आतडं मंदावतंय. लेंड्याच नसतील तर अवस्था गंभीर. काळपट, मऊ, चकचकीत घोस दिसला तर त्याला जुलाब समजू नका. ससा तो थेट गुदद्वारातून खातो आणि त्याला तो लागतोच. पण असे घोस रोज न खाता पडून राहत असतील तर बहुधा खुराक जास्त आणि गवत कमी होतंय.

कान हाताला गार लागतात का, दात करकरा वाजवते का, तेही बघा. अंगाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असायला हवं. ३८ च्या खाली गेलं असेल तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून अंगाशी ठेवा आणि तसंच न्या. पोट नगाऱ्यासारखं ताठ असेल तर तोंडात काहीही घालू नका.

पोट मऊ असेल, गिळत असेल आणि डॉक्टर गाठायला वेळ लागणार असेल, तरच भरवा. सशाचे पेलेट (तयार खाद्याच्या कोरड्या गोळ्या) कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करा. सुई काढलेल्या सिरिंजनं पुढच्या दातांमागून, गालाच्या बाजूनं, एका वेळी १ मिली द्या आणि गिळल्यावर पुढचा घोट. वजनाच्या दर किलोला एका खेपेस १० मिलीच्या आसपास, तीन-चार तासांनी. उताणं धरून भरवलं तर लापशी फुप्फुसात जाते.

मूळ कारण बहुतेक बिस्किट-पावच. सशाच्या पोटात जाणाऱ्यातलं ऐंशी टक्के गवत असावं. ते त्याचे दातही झिजवतं, कारण सशाचे दात जन्मभर वाढतात. हनुवटी ओली राहत असेल तर दाढा तपासून घ्या. भाताचं पिंजर चघळायला चालतं, पण त्यात कस कमी. सोबत चांगलं वाळलेलं गवत हवंच. तुमच्याकडच्या पावसात पिंजराला बुरशी लवकर धरते. कुबट वास आला किंवा पांढरी भुकटी उडाली तर सरळ टाकून द्या.

प्रश्न : सशाच्या कानात, नाकावर, बोटांवर जाड खपल्या आल्यात. घरात मुलांनाही खाज सुटते. तंबाखूचं पाणी लावू का? (निपाणी)

उत्तर : निपाणीत तंबाखू हाताशी असते म्हणून हा उपाय सुचतो, पण निकोटिन कातडीतून आत जातं आणि ससा अंग चाटतो, त्यामुळं पोटातही जातं. जीव जाऊ शकतो. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे फिप्रोनिलचे थेंबही सशाला वर्ज्य. त्यानं झटके येतात. गोठ्यातला फवाराही नको.

ही खरूज आहे. खरजेच्या किड्यांनी होते. खपल्या उपटू नका. रक्त येतं, दुखतं, आणि औषध लागू पडलं की त्या आपोआप गळतात. डॉक्टर बहुधा आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतील : किलोला ०.२ ते ०.४ मिलीग्रॅम, १०-१४ दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा. गुरांचं १ टक्क्याचं औषध दीड किलोच्या सशाला जेमतेम ०.०३ ते ०.०६ मिली लागतं, म्हणून अंदाजानं घरी टोचू नये. किराणा दुकानाच्या काट्यावर वजन करूनच जा. घरातल्या सगळ्या सशांना एकाच वेळी औषध द्या, खालचं गवत जाळा, पिंजरा उकळत्या पाण्यानं धुऊन उन्हात टाका. सशाला अंघोळ घालू नका. मुलांची खाज सशाची खरूज गेल्यावर सहसा थांबते. न थांबल्यास त्यांनाही दाखवा.

प्रश्न : लघवी लाल होते. रक्त असेल का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : दरवेळी नसतं. चाऱ्यातल्या रंगद्रव्यांमुळं केशरी-लाल लघवी निरोगी सशालाही होते. ससा कुंथत असेल, लघवीत गाठी किंवा लाल धागे दिसत असतील तर तपासून घ्या. तीन-चार वर्षांवरची, नसबंदी न झालेली मादी असेल तर थांबू नका. त्या वयात गर्भाशयात गाठ होण्याचा संभव बराच असतो.

प्रश्न : शिंका येतात, नाकातून पांढरं येतं. मुलाचं अमॉक्सिसिलिनचं सायरप उरलंय, ते देऊ? (अथणी)

उत्तर : नको. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतं, मग विषारी जंतू माजतात आणि जुलाब लागून ससा दगावू शकतो. सशाला चालणारी अँटिबायोटिक्स वेगळी आहेत, ती डॉक्टरांकडूनच घ्या. तोवर पिंजरा धुळीपासून आणि मुताच्या उग्र वासापासून मोकळा ठेवा. पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकट झालेत का बघा. ससा तिथंच नाक पुसतो.