बाबा कुठे बसायचे, ते विचार

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा आलं, दोनदा वाचलं. 'आमच्या वेळी' हे दोन शब्द कानावर पडले की उठून जावंसं वाटतं, असं तू लिहिलं आहेस. रविवारी बाबांना जे सुनावलंस तेही जसंच्या तसं उतरवलं आहेस : "तुमच्या वेळी एवढं सगळं चांगलं होतं, तर मग बदललंत कशाला?" प्रश्न बिनतोड आहे. त्यावर बाबाच उठून गेले, हेही तू लपवलं नाहीस. म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी माझं सांगतो. माझे वडील एक आठवण पुन्हा पुन्हा सांगायचे. पार अंधार पडेपर्यंत आम्ही बाहेर खेळायचो, कुणी हाक मारायचं नाही, कुठे होतात म्हणून विचारायचं नाही. हे सांगताना त्यांचा एरवीचा करडा आवाज मऊ व्हायचा. मी तेव्हा विशीत होतो, चार पुस्तकं वाचून नुकताच शहाणा झालेलो. एकदा म्हणालो, "त्याच दिवसांत तुमची धाकटी बहीण घटसर्पाने गेली ना? लस मिळाली असती तर वाचली असती. कसले चांगले दिवस?" माझं बोलणं खरं होतं. वडील गप्प बसले. ती आठवण त्यांनी माझ्यासमोर पुन्हा कधीच काढली नाही.

ते गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी थोरल्या आत्याकडून उलगडा झाला. बहीण आजारी पडली तेव्हा बाकीच्या मुलांना लागण होऊ नये म्हणून दिवस दिवस घराबाहेर ठेवत. कुणी हाक मारायचं नाही, कारण हाक मारणारी सगळी माणसं तिच्या खाटेपाशी होती. वडिलांचा तो अंधार पडेपर्यंतचा मोकळेपणा तिथून आला होता. आनंद आणि धसका एकाच संध्याकाळी त्यांच्या वाट्याला आले होते आणि ते बोलताना एकाचंच नाव घेत होते. मी त्या दिवशी हिशेब मांडण्याऐवजी "इतका उशीर होईपर्यंत घरून कुणीच कसं बोलवायचं नाही?" एवढं विचारलं असतं, तर हे सारं कदाचित त्यांच्याच तोंडून ऐकलं असतं. तो 'कदाचित' मला अजून बोचतो.

म्हणून माझं तुला एकच सांगणं आहे. 'तेव्हा चांगलं होतं' या निकालाशी भांडू नकोस, त्यामागचा तपशील विचार.

निकालाशी भांडून हाती काही लागत नाही, कारण तो त्या काळाबद्दल कमी आणि त्या वयाबद्दल जास्त असतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त प्रमाणात वर येतात, असं स्मृतीच्या अभ्यासकांना वारंवार आढळलं आहे. त्यात दुःखाची धार सहसा आनंदापेक्षा लवकर बोथट होते. मग ती वर्षं कुठल्या का दशकात पडेनात, तेच दशक उजळ दिसतं. तुझंही तसंच होणार आहे.

स्मरणरंजनासाठी जगभर जो 'नॉस्टॅल्जिया' शब्द वापरतात, तो १६८८ मध्ये योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात घडवला. घरी परतणं आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले. घरापासून लांब पडलेल्या स्विस माणसांचा हा आजार, असं त्याचं निदान होतं आणि रोग्याला घरी पाठवणं हा उपाय. पुढे ११० वर्षांनी जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने एक मार्मिक गोष्ट टिपली : ही माणसं गावी परतली तरी हिरमुसतात. त्यांना वाटतं गाव बदललं, पण खरं तर त्यांचं तारुण्य तिथे परत मिळत नाही. तुझ्या बाबांना ज्या घरी जायचं आहे, तिथे कुठलीच गाडी जात नाही.

आणखी एक. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी १९७० मध्ये आपल्या पिढीला काळातले स्थलांतरित म्हटलं होतं. परक्या मुलखात गेलेल्या माणसाची मुलं तिथली बोली सहज बोलतात आणि तो मात्र प्रत्येक वाक्यापाशी अडखळतो, तसं. बाबांचा दिवस आठवून बघ. फोनमधलं सेटिंग तुला विचारायचं, बँकेचं ॲप तुला विचारायचं, फॉर्म भरताना तुला शेजारी बसवायचं. ज्यात त्यांना कुणाला विचारावं लागत नाही असा एकच प्रांत उरला आहे, त्यांचं लहानपण. आणि नेमक्या तिथे आपण त्यांच्या चुका काढायला जातो.

चुका असतात, हे मला मान्य आहे. १९९० मध्ये जगात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी ९३ पाच वर्षांची होण्याआधीच दगावत होती, २०२२ मध्ये हा आकडा ३७ वर आला. ही काही लहान गोष्ट नाही. पण बाबांच्या बाजूनेही आकडे आहेत बरं का. इंग्लंडमधल्या एका पाहणीत, १९७१ मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के मुलं मोठं माणूस सोबत न घेता शाळेत जात होती. १९९० मध्ये उरली ९ टक्के. मुलांच्या हातून काहीतरी निसटलं, हे बाबांचं म्हणणं निव्वळ हळवेपणा नाही.

आता तुझ्या रागाकडे येतो, कारण तो खोटा नाही. आठवण सांगणं वेगळं आणि आठवणीची छडी करणं वेगळं. "तुम्हाला सगळं आयतं मिळालं" हे वाक्य येतं तेव्हा गोष्ट संपलेली असते आणि छडी सुरू झालेली असते. ती मुकाट्याने खाऊ नकोस. एकदाच, आवाज न चढवता सांग : "बाबा, तुमच्या गोष्टी मला ऐकायच्या असतात. पण शेवटी माझ्यावर घसरलात की आधीचं सगळं ऐकलेलं पुसून जातं." लगेच पटेलच असं नाही. तरी सांग.

विचारायचं कसं? 'तुमचं लहानपण कसं होतं' असं विचारलंस तर पाठ झालेलं उत्तर मिळेल. हात लावता येईल असं काहीतरी विचार. झोपायला जागा कुठे होती, शेजारी कोण, रात्री कसली भीती वाटायची, खेळात कुणाला घ्यायचे नाहीत. वासांबद्दल तर जरूर विचार. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, शब्दांनी जाग्या होणाऱ्या त्यानंतरच्या. बाबांना स्वतःलाही न आठवलेलं काहीतरी त्या वाटेने वर येईल. आलं की मध्ये बोलू नकोस.

हो, आणि तुझ्या पत्रात आई कुठेच नाही. तिची 'आमची वेळ' कधी विचारलीस का? मुलींची संध्याकाळ पुष्कळ घरांत मुलांच्या आधी संपायची. तिला कदाचित मागे जायचंच नसेल. बाबांच्या गोष्टी चालू असतात तेव्हा ती काय करत असते, तेही बघ.

तुझंही बाबांना सांग. मैत्रिणींबरोबर तू रोज खेळायचीस तो ऑनलाइन खेळ कंपनीने कायमचा बंद केला, तेव्हा तू रडली होतीस. मला सांगितलं होतंस, त्यांना नाही. तिथलं तुमचं घर, तो पूल, सगळं एका रात्रीत गेलं आणि परत जायला जागाच उरली नाही. हे दुःख त्यांना कळणार नाही असं तू धरून चालली आहेस. मला वाटतं, तुझ्या ओळखीत ते सगळ्यात जास्त कळेल असा माणूस तुझ्याच घरात आहे.

बाबा म्हणतात ना, सगळी मुलं एकाच रेडिओभोवती जमायची, म्हणून? तू ते 'शंभर वेळा ऐकलेलं' म्हणून सोडून दिलं आहेस. पुढच्या पत्रात त्यांचं चूक की बरोबर हे लिहू नकोस. तो रेडिओ कुणाच्या घरी होता, ऐकायला आत बसू द्यायचे की दारातच, आणि बाबा कुठे बसायचे, एवढं कळव.

तुझा,
सर